अनुपस्थितांचा हक्क

सरकारी कचेरीत दोन प्रकारचे प्रश्न येतात. पहिल्या प्रकारच्या प्रश्नाचे उत्तर नियमात सापडते. तेथे कारकुनाने नियम शोधावा, त्याचा क्रमांक टिपणात लिहावा आणि फाइल पुढे पाठवावी. दुसरा प्रकार विरळा. त्यात प्रश्न खुद्द नियमाविषयीच असतो. नियम पाळावा की पाळू नये, असे तेथे कोणी विचारीत नाही. हा नियम यापुढे असाच राहावा काय, एवढेच विचारलेले असते. अशा प्रश्नाला नियमांच्या पुस्तकात उत्तर नसते, कारण पुस्तक स्वतःविषयी साक्ष देऊ शकत नाही. मग टिपण लिहिणाऱ्याला, त्याची इच्छा असो वा नसो, घटकाभर तत्त्वचिंतन करावे लागते.

चेन्नईतील ज्या केंद्रीय कचेरीत आम्ही नोकरी करतो, तेथील आरेखन-विभागापुढे असाच एक प्रश्न उभा आहे. वरवर पाहता तो अगदी क्षुल्लक आहे. संगणकावर काढल्या जाणाऱ्या नकाशांत कोणत्या रेषेला कोणता रंग द्यावा, याचे अनेक वर्षे चालत आलेले एक कोष्टक आहे. ते बदलावे की तसेच ठेवावे? आम्ही अभियंते नव्हे. नकाशांची नोंदवही ठेवणे, मागेल त्यास प्रत देणे आणि जुना नकाशा धुंडाळून काढणे, एवढाच आमचा त्या विभागाशी संबंध. परंतु या प्रश्नाचा खल कानांवर पडत असता आम्हांस असे वाटू लागले की, या रंगांच्या आड एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. घरापासून दूर राहून, एका गावाहून दुसऱ्या गावी बदलून जाणाऱ्या आणि जेथे जावे तेथे दुसऱ्याने घालून ठेवलेली घडी स्वीकारणाऱ्या आपणां सर्वांनाच त्याचा विचार करावा लागेल.

प्रथम रंगांची हकीकत सांगितली पाहिजे. नकाशात रेषेच्या जाडीला अर्थ असतो. छेदात आलेली भिंत जाड रेषेने दाखवितात, पलीकडे दिसणारी कड मध्यम रेषेने आणि मापाची रेघ बारीक रेषेने. वाचणाऱ्याची नजर या जाडीवरूनच भिंत कोणती व माप कोणते हे ओळखते. हाताने नकाशे काढीत असत त्या काळी आरेखकापाशी निरनिराळ्या जाडीच्या शाईच्या लेखण्या असत. पुढे संगणक आला आणि त्याच्या मागोमाग लेखणीने कागदावर रेघा ओढणारे यंत्र, म्हणजे प्लॉटर, आले. त्या यंत्रात लेखण्या क्रमाने खोचून ठेवाव्या लागत. पडद्यावर रेषेला जो रंग दिलेला असेल, त्याला नेमून दिलेली लेखणी यंत्र उचलीत असे. ऑटोकॅडमध्ये लाल हा पहिल्या क्रमांकाचा रंग, पिवळा दुसऱ्या, हिरवा तिसऱ्या. म्हणून लाल म्हणजे अमुक जाडी, पिवळा म्हणजे तमुक जाडी, अशी कोष्टके कचेऱ्याकचेऱ्यांतून तयार झाली. पडद्यावर दिसणारा लाल रंग हे वस्तुतः एका जाडीचे टोपणनाव होते. कागदावर शाई काळीच उमटत असे.

लेखण्यांचे ते प्लॉटर केव्हाच अडगळीत गेले. १९९९ साली निघालेल्या ‘ऑटोकॅड २०००’ या आवृत्तीपासून रेषेला तिच्या रंगाहून स्वतंत्र अशी जाडी देण्याची सोय झाली. तरीही पुष्कळ कचेऱ्यांत जुने कोष्टक टिकून राहिले. लेखणी गेली, पण तिचा क्रमांक मागे राहिला. नव्याने रुजू झालेल्या आरेखकाला हे कोष्टक पाठ करावे लागते. आणि त्याने कारण विचारले तर येथे पहिल्यापासून असेच आहे, एवढेच सांगण्यासारखे असते.

यावर बदलाचा पुरस्कार करणारा पक्ष म्हणतो की, ज्या प्रथेचे कारण नाहीसे झाले, ती प्रथा पाळणे हे बुद्धीला शोभत नाही. नव्या माणसांना ती समजावून सांगण्यात वेळ जातो. बाहेरचे वास्तुविशारद आपापल्या पद्धतीने नकाशे पाठवितात, ते आमच्या कोष्टकात बसवून घ्यावे लागतात, आणि त्या खटाटोपात चुका होतात. शिवाय रंगाला जाडीच्या कामातून मोकळे केले, तर पाण्याचे नळ एका रंगात, विजेच्या तारा दुसऱ्या रंगात, असा त्याचा खरा उपयोग करता येईल. हे सारे म्हणणे रास्त आहे.

दुसरा पक्ष म्हणतो की, जुन्या कोष्टकाने काढलेले हजारो नकाशे दप्तरात आहेत. त्यांतील इमारती उभ्या आहेत, त्यांत माणसे राहतात, त्यांच्या दुरुस्त्या निघतात. जुना नकाशा उघडून त्यात एक खोली वाढवायची झाली, तर अर्धा नकाशा जुन्या संकेताचा व अर्धा नव्या संकेताचा अशी त्याची अवस्था होईल. आणि आज हे कोष्टक बदलले, तर उद्या येणारा अधिकारी हेही बदलील. मग संकेताला संकेत म्हणण्यात अर्थ काय राहिला? हेही म्हणणे तितकेच रास्त आहे. दोन्ही पक्ष रास्त बोलत असूनही वाद मिटत नाही, तेव्हा प्रश्न मुळातच नीट मांडला गेलेला नाही, अशी शंका घ्यावी. आमच्या मते येथे तसेच झाले आहे. दोन्ही पक्ष जुने चांगले की नवे चांगले यावर भांडत आहेत. परंतु संकेत हा कोणासाठी असतो, हे कोणीच विचारीत नाही.

समोरासमोर बोलणाऱ्या दोन माणसांना संकेताची फारशी गरज नसते. एकाचे बोलणे दुसऱ्याला कळले नाही तर तो विचारतो आणि पहिला पुन्हा सांगतो. नकाशाचे तसे नाही. नकाशा ज्याने काढला तो माणूस, नकाशा वाचणाऱ्याजवळ बहुधा नसतो. बांधकामावरचा मुकादम तो उन्हात उभा राहून वाचतो. वीस वर्षांनी गळकी गच्ची दुरुस्त करावयास आलेला कनिष्ठ अभियंता तो वाचतो. तोवर काढणारा निवृत्त झालेला असतो, किंवा या जगातही नसतो. ही जाड रेघ भिंतीची की तुळईची, असे त्याला विचारण्याची सोय नाही. त्याच्या वतीने जे काय बोलावयाचे ते संकेतानेच बोलले पाहिजे. तेव्हा संकेत म्हणजे अनुपस्थित माणसाला दिलेला शब्द होय. ‘तू येशील तेव्हा मी नसेन, परंतु मी जाड रेघ ज्या अर्थाने ओढली आहे, त्याच अर्थाने तू ती वाचशील याची व्यवस्था मी करून ठेवीत आहे,’ असे नकाशा काढणारा न बोलता सांगत असतो. दिलेला शब्द बदलता येत नाही असे नाही. पण ज्याला तो दिला त्याला कळविल्यावाचून तो बदलता येत नाही. आणि येथे तर ज्याला शब्द दिला, तो अजून यावयाचा आहे. सारी अडचण या एका गोष्टीत आहे.

या शहरातलेच एक उदाहरण घ्या. पेरांबूर येथील इंटिग्रल कोच फॅक्टरीचे उद्घाटन २ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. श्लीरेन येथील एका स्विस कंपनीच्या सहकार्याने तेथे पोलादी डबे बनू लागले, आणि त्या मूळ आराखड्यावरून घडविलेल्या डब्यांतून देशातल्या प्रवाशांच्या दोन-तीन पिढ्यांनी प्रवास केला. सुट्टीत गावाकडे जाणारे आपणही त्यांतच आलो. पुढे जर्मन बनावटीवरून तयार झालेले एलएचबी डबे आले, आणि २०१८ च्या जानेवारीत जुन्या पद्धतीचा शेवटचा डबा कारखान्याबाहेर पडला. बदल योग्यच होता. नवा डबा अपघातात अधिक सुरक्षित. पण शेवटचा डबा बाहेर पडला त्या दिवशी जुने आराखडे रद्दीत घालता आले नाहीत. पोलादी डब्याचे आयुष्य साधारणतः पंचवीस वर्षांचे धरतात. म्हणजे जुना डबा घडविणे थांबल्यावरही त्याची चाके, स्प्रिंगा, जोडण्या तपासणाऱ्या कामगाराला जुने आराखडे अनेक वर्षे वाचता आले पाहिजेत. आराखड्यावरून वस्तू बनविण्याचे काम संपले, तरी त्या वस्तूची जबाबदारी संपत नाही. आराखडा वस्तूइतका जगला पाहिजे, आणि आराखड्याचे संकेत आराखड्याइतके. इमारतींच्या बाबतीत तर हा काळ आणखी लांब, कारण इमारत डब्याहून दीर्घायुषी असते.

संकेत बदलल्यावर जुने दप्तर मुके होते म्हणजे काय होते, हे आपणां मराठी माणसांना कोणी शिकवावयास नको. तंजावरास मराठ्यांचे राज्य सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले आणि १८५५ साली ते खालसा झाले. त्या राज्याचा रोजचा कारभार मोडीत चाले. त्याचे शेकडो रुमाल आजही शिल्लक आहेत. त्यांत देवळांचे खर्च आहेत, छत्रांतली अन्नदाने आहेत, औषधांच्या खरेद्या आहेत, नोकरांचे पगार आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत, भाषा आपलीच; आणि आपल्यापैकी किती जणांना ते वाचता येतील? शंभरांत एखादाही निघणे कठीण. एकेकाळी मराठी कारकुनाला मोडी येत नाही, ही कल्पनाच कोणी केली नसती. पुढे छपाईला बाळबोध सोयीची म्हणून ती पुढे आली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतूनही गेली. आज मोडी वाचणारे तयार करण्यासाठी महाराष्ट्रात मुद्दाम वर्ग चालवावे लागतात.

मोडी सोडली हे चुकले, असे आम्ही म्हणणार नाही. मुलांना एका भाषेसाठी दोन लिप्या शिकविण्याचा भार कमी झाला, छापणे व वाचणे सुलभ झाले. आमचा मुद्दा निराळा आहे. हा बदल करणाऱ्यांना त्याची किंमत द्यावी लागली नाही. त्यांना दोन्ही लिप्या येत होत्या. किंमत पडली ती पुढे आलेल्यांवर, ज्यांना त्या निर्णयात मत नव्हते. आणि मागे गेलेल्यांवर, ज्यांचे लिहिणे ऐकावयास कोणी उरले नाही. प्रत्येक मोठ्या बदलाचा हा गुण असतो. ज्या पिढीत तो होतो, त्या पिढीला दोन्ही रीती ठाऊक असल्यामुळे तिला तो सोपा वाटतो. अवघड तो पुढच्या पिढीला जातो, आणि त्या पिढीला विचारण्याची कोणतीच रीत नाही.

तंजावरातच याच्या उलट बाजूचाही दाखला आहे. बृहदीश्वराच्या मंदिरात दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या कारकिर्दीत, १८०३ साली, भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून ठेवण्यात आला. त्याची लिपी मात्र देवनागरी आहे. कचेरीतले रोजचे लिहिणे झपाट्याचे, म्हणून मोडीत. आणि भिंतीवरचा लेख, जो केव्हा कोण वाचील याचा भरवसा नाही, तो देवनागरीत. तो लेख आजच्या मराठी वाचकाला अक्षरे लावून वाचता येतो. लिहिणाऱ्याची सोय कशात आहे आणि वाचणाऱ्याची कशात, हे दोन प्रश्न निराळे आहेत, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

यावरून कोणी म्हणेल की, मग बदल करूच नये. अनुपस्थितांना विचारता येत नाही, तेव्हा आहे तेच चालू द्यावे. कचेरीत हा युक्तिवाद फार लोकप्रिय आहे, आणि त्याचे कारण सोज्ज्वळ नाही. जुन्या रीतीत आमचे हात बसलेले असतात. नवे कोष्टक आले की, ज्याला जुने पाठ आहे त्याचे महत्त्व कमी होते आणि काल आलेल्या मुलाच्या शेजारी बसून त्याला शिकावे लागते. परंपरेचा अभिमान म्हणून जे बोलले जाते, त्यात या भीतीचा अंश किती, हे ज्याने त्याने आपल्याशी तपासावे. शिवाय बदल न करणे हाही एक निर्णयच आहे, आणि त्याचीही किंमत अनुपस्थितच देतात. उद्या रुजू होणारा आरेखक आज येथे नाही. अस्तित्वात नसलेल्या लेखणीचे क्रमांक त्याने पाठ करावेत, हे आपण त्याला न विचारताच ठरवितो. म्हणजे निर्णय कोणत्याही बाजूने घेतला, तरी तो गैरहजर माणसाच्या वतीने घेतलेला असतो. त्यातून सुटका नाही. तो कसा घ्यावा एवढेच आपल्या हाती आहे.

तो चांगल्या रीतीने घेतल्याचे एक उदाहरण जुन्या वाचकांच्या आठवणीतले असेल. १ एप्रिल १९५७ पासून आपल्या देशात दशमान नाणी सुरू झाली. तोवर रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होत. आता शंभर पैसे झाले. यात मोठा धोका असा होता की, पैसा हे नाव तेच राहणार आणि किंमत मात्र बदलणार. नाव जुने व अर्थ नवा, यासारखी फसगत दुसरी नाही. म्हणून सरकारने नव्या नाण्याला ‘नया पैसा’ म्हटले. आपल्या बाजारांत ते ‘नवे पैसे’ झाले. जुनी नाणीही काही काळ चालू राहिली, आणि कोष्टके प्रसिद्ध झाली. एक आणा म्हणजे खरे पाहता सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैशाचे नाणे नाही, म्हणून एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस. कोठे गिऱ्हाइकाचे पाव पैशाने नुकसान, कोठे दुकानदाराचे. पण कोणाचे किती, हे उघडपणे छापलेले होते. लोकांच्या अंगवळणी ते पडल्यावर १ जून १९६४ पासून ‘नया’ हा शब्द गाळण्यात आला. सात वर्षे त्या एका विशेषणाने पहारा केला आणि काम होताच ते निघून गेले. त्या सात वर्षांत भाजीवाल्या बाईलाही आपल्या हातात कोणता पैसा आहे हे कळत होते.

हा पहारा नसला म्हणजे काय होते, हे १९९९ साली मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही अनुभवास आले. मंगळाकडे पाठविलेले एक अमेरिकन यान त्या वर्षीच्या सप्टेंबरात नष्ट झाले. यानाच्या धक्क्यांचा हिशेब एका बाजूने पौंडांच्या मापात दिला आणि दुसऱ्या बाजूने तो मेट्रिक मापात आहे असे समजून वापरला. पौंडाचे माप जुने असले तरी चुकीचे नव्हते. मेट्रिक मापही चुकीचे नव्हते. आकड्याजवळ त्याचे माप कोणते याची खूण नव्हती, आणि तेवढ्याने कोट्यवधींचे यान गेले. जुने व नवे शेजारी-शेजारी नांदू शकतात. मात्र प्रत्येकाने आपली ओळख सांगितली पाहिजे. नकाशाशास्त्राला हे पूर्वीपासून ठाऊक आहे. वस्तूची दृश्ये कागदावर मांडण्याच्या दोन पद्धती आहेत, प्रथम कोन आणि तृतीय कोन. एकीत वस्तूचे वरून दिसणारे दृश्य खाली येते, तर दुसरीत ते वर येते. एकीचा नकाशा दुसरीच्या रीतीने वाचला तर उजवी बाजू डावी होते. म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात शेंडा छाटलेल्या शंकूची एक लहानशी आकृती काढतात. तीवरून पद्धत कोणती ते कळते. बोटाच्या पेराएवढी ती आकृती, पण काढणाऱ्याने वाचणाऱ्याविषयी दाखविलेला आदर तीत आहे.

जुन्या कामाचा मान राखून ते बदलावे कसे, याचे उत्तर शोधावयास आम्हांस फार दूर जावे लागत नाही. येथून जवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी १८०२ साली विल्यम लॅम्टनने साडेसात मैलांची एक रेषा पोलादी साखळीने मोजली, आणि तीवरून हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ झाला. तेच काम उत्तरेकडे नेत असता १८२३ साली वर्धेजवळच्या हिंगणघाटास त्याला मृत्यू आला. तेथेच त्याची कबर आहे. त्याच्या मागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने साखळीऐवजी अधिक अचूक अशा धातूच्या पट्ट्या आणल्या. लॅम्टनने १८१५ साली मोजलेली बिदरची पायाभूत रेषा १८४१ साली नव्या साधनाने पुन्हा मोजण्यात आली, आणि या कामाचा सविस्तर वृत्तांत एव्हरेस्टने १८४७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. गुरूचे काम शिष्याने पुन्हा केले, म्हणून गुरूचा अपमान झाला नाही. पुढे २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वांसाठी खुल्या असणाऱ्या नकाशांकरिता एव्हरेस्टचा पृथ्वीगोलही बाजूला ठेवला आणि जगभर चालणारा नवा आधार घेतला. टेकड्या होत्या तेथेच राहिल्या, त्यांचे अक्षांश-रेखांश मात्र सरकले. म्हणून अशा नकाशावर तो कोणत्या आधारावर काढला आहे, हे छापलेले असते. हे एक वाक्य गाळले, तर उत्तम नकाशाही वाटसरूला चुकीच्या ठिकाणी नेईल.

आता आपल्या नोकरीतली एक गोष्ट या प्रश्नात कशी गुंतलेली आहे ते पाहू. मराठीत बदल आणि बदली हे शब्द एकाच घरचे आहेत, आणि सरकारी कचेरीत ते बहुधा एकापाठोपाठ येतात. अधिकारी येतो, तीन वर्षे राहतो, त्या काळात आपली खूण उमटावी अशी त्याची इच्छा असते, आणि ही इच्छा वाईट नाही. तो एखादी नवी पद्धत सुरू करतो. तिचे बरेवाईट दिसू लागते तोवर त्याच्या बदलीचा हुकूम आलेला असतो. बदल करणारा निघून जातो. बदल मागे राहतो. तो निस्तरणारे कारकून, आरेखक, अनुरेखक तेथेच असतात, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. आपण स्वतः जेव्हा नव्या गावी रुजू होतो, तेव्हा आपल्या आधीच्या माणसाने कारण न लिहिता केलेल्या फेरफारांचा उलगडा करण्यात पहिले सहा महिने जातात. जी वेदना आपण प्रत्येक बदलीत भोगतो, ती पुढच्याला देताना मात्र आपले मन कचरत नाही. म्हणून आमच्या मते नियम बदलणाऱ्याने एकच कसोटी लावावी: माझी बदली होणार नाही आणि पुढली वीस वर्षे या दप्तराची नोंदवही मलाच ठेवावयाची आहे असे ठरले, तर मी हा बदल करीन काय? उत्तर होय असेल तर बदल करावा. आणि नियम न बदलणाऱ्यानेही तीच कसोटी उलटी लावावी: मी उद्याच येथे नव्याने रुजू होणार असतो, तर हे कोष्टक निमूटपणे पाठ केले असते काय?

या कसोटीवर आमच्या रंगांच्या कोष्टकाचे दोन भाग पडतात, आणि इतके दिवस ते दोन्ही एकच समजले गेल्यामुळे वाद चिघळला. एक भाग जाडीचा. ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ मिलिमीटर या जाड्यांची मालिका मनमानी नाही. प्रत्येक जाडी मागच्या जाडीच्या सुमारे १.४ पट आहे, आणि कागदाचे आकारही त्याच प्रमाणात वाढतात. ए-४ कागदावरचा नकाशा ए-३ वर मोठा केला, तर त्यातली प्रत्येक रेघ मालिकेतल्या पुढच्या जाडीची होते आणि नकाशातला मेळ बिघडत नाही. ज्याने ही मालिका बसविली त्याने आपल्याला न पाहताच आपली सोय पाहिली होती. या भागाचे कारण जिवंत आहे; त्याला हात लावू नये. दुसरा भाग रंग व जाडी यांच्या सांगडीचा. त्याचे कारण लेखणीच्या प्लॉटरबरोबर गेले. तो भाग बदलावयास हरकत नाही, किंबहुना तो बदलणेच उचित. जुन्या रीतीचे मूल्य तिच्या वयावरून ठरवू नये. तिच्या पोटातले कारण अजून श्वास घेत आहे काय, हे पाहावे. आणि ते पाहण्यासाठी जुनी रीत मोडण्यापूर्वी ती समजून घेण्याचे कष्ट केले पाहिजेत. ज्याला जुने कोष्टक का झाले हे सांगता येत नाही, त्याला ते बदलण्याचा अधिकार नाही. आणि त्याला ते टिकविण्याचा आग्रह धरण्याचाही नाही.

बदलाच्या पद्धतीविषयी आमचे मत असे. नवे कोष्टक एका ठरावीक तारखेपासून, केवळ नव्या कामांना लावावे. जुना नकाशा जुन्याच संकेताने राहू द्यावा, आणि तो मोठ्या दुरुस्तीसाठी उघडावाच लागला, तर संपूर्ण नकाशा नव्या संकेतात आणावा. अर्धवट ठेवू नये. प्रत्येक नकाशाच्या नावाच्या चौकटीत तो कोणत्या कोष्टकाने काढला आहे, त्याची एक ओळ लिहावी. जुन्या कोष्टकाची प्रत, ते का होते व का सोडले याच्या टिपणासह, दप्तरात कायम ठेवावी. हा शेवटचा कागद सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी विसरला जाणारा. मोडीच्या बाबतीत तसा घरोघर एखादा कागद असता, तर कितीतरी कुटुंबांची जुनी दप्तरे आज मुकी नसती. या सगळ्याला वेळ लागेल, आणि तो वेळ आजच्या माणसांनी आपल्या कामाच्या तासांतून दिला पाहिजे. बदलाचा लाभ आपण घ्यावयाचा आणि उस्तवार पुढच्याने करावयाची, हा व्यवहार सचोटीचा नव्हे.

मराठी लेखनाच्या नियमांत १९६२ साली जो फेरफार झाला, तो आमच्या या म्हणण्याच्या जवळ येतो. ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार काढून टाकले गेले. त्यावर पुष्कळ वाद झाला आणि काहींना तो भाषेच्या इतिहासावर घाला वाटला. पण त्याआधी छापलेले पुस्तक आजचा शाळकरी मुलगाही उघडून वाचू शकतो. त्याला काही टिंबे अधिक दिसतात, एवढेच. नव्याने लिहिणाऱ्याचे ओझे हलके झाले आणि जुने लिहिणाऱ्याचा आवाजही ऐकू येत राहिला. सर्वच बदल इतके सौम्य असू शकत नाहीत. परंतु बदलानंतर जुने वाचता येते काय, हा प्रश्न मात्र प्रत्येक बदलाला विचारता येतो.

आपण दूर गावी आलेली माणसे. आपल्या आधी येथे कोण होते हे आपणांस त्यांच्या अक्षरावरून कळते, आणि आपण गेल्यावर आपण कोण होतो हे पुढच्याला आपल्या अक्षरावरून कळणार आहे. त्यांच्याशी आपले बोलणे व्हावयाचे ते एवढेच. ते बोलणे समजेल असे ठेवणे हे कोणत्याही परिपत्रकात सांगितलेले कर्तव्य नाही. त्याची तपासणी होत नाही, ते केल्याबद्दल बढती मिळत नाही आणि न केल्याबद्दल जाब विचारला जात नाही. म्हणूनच ते करणे वा न करणे सर्वस्वी आपल्या मनाच्या सचोटीवर सोपविलेले आहे.